गुंजभर गंज

दहा म्हणजे निर्दोष.
जुन्या अंकात दहा मी अजून पाहिलेला नाही.
बावीस वर्षं या दिव्याखाली बसतोय, ईरी शहरात,
जिथे एप्रिलातही सरोवरावरून बर्फ येतो.
हातमोजे घालत नाही. मोज्याला कागद कळत नाही,
बोटाला कळतो.

आधी कणा बघायचा,
कण्यावरच्या बारीक रेघा, त्यांतल्या रंग तुटलेल्या किती.
मग कोपरे. मग पिना.
पिनेवर गुंजभर गंज असला
तरी साडेआठचा साडेसात होतो,
आणि त्या एका आकड्यात कुणाची तरी मोटार बुडते.
शेवटी पानं मोजायची. बावन्न, वेष्टनासकट.
मोजायची, वाचायची नाहीत.
वाचणारा माणूस या कामाचा नाही,
असं म्हातारा हॅवरिला म्हणायचा.

दुर्मीळपणाचं गणितही त्याचंच:
जे सगळ्यांनी जपलं त्याला कवडीही येत नाही.
जे पोरांनी फाडलं, शेगडीत गेलं,
युद्धात रद्दीच्या ट्रकवर चढलं,
आयांनी गादीखालून काढून फेकलं,
त्यातून नजरचुकीनं उरलं, ते सोनं.
म्हणजे भाव हातातल्या प्रतीचा नसतोच,
नसलेल्यांचा असतो.
मी मान डोलावली होती. पगार त्याचाच होता.

गुरुवारी ऑडेल क्विम्बी आल्या. वय ब्याऐंशी,
बूट दारात काढून, नुसत्या मोज्यांवर.
ब्रेडच्या पिशवीतून काढला
'कॅप्टन बॅरोमीटर', अंक तिसरा, एकोणीसशे सत्तेचाळीस.
जगात याच्या चार प्रती माहीत आहेत.
ही पाचवी.
त्या क्षणी कुठेतरी चार श्रीमंत माणसं
जेवता जेवता थोडी गरीब झाली.

कणा ताठ. पानं दुधासारखी.
पिना अशा, की कालच ठोकल्यात.
मनात मी नऊ लिहूनही टाकला,
आणि पन्नासावं पान उलटलं.
पानात खिडकी. कात्रीनं, सरळ, चारी बाजूंनी.

"कूपन कापलंय."
"रसेलनं. माझा भाऊ. दुर्बीण मागवायला, पंधरा सेंटची."
"आली?" हा प्रश्न माझ्या कामात बसत नाही.
"आली ना. पत्र्याची. काही दिसायचं नाही तिच्यातून.
आम्ही म्हणायचो दिसतंय. पलीकडचा कॅनडा."

मी भाव सांगितला.
अखंड असता तर घराचं छप्पर, आणि तुमचे दोन्ही गुडघे.
आता नऊचा दीड झाला. एक गुडघा, तोही घासाघीस करून.
दुसऱ्या फाटक्या प्रतीतला तुकडा आणून जोडता येईल,
पण मग लेबलाचा रंग बदलतो,
आणि त्या रंगाकडे लोक
उष्ट्या ताटासारखं बघतात.

त्या ऐकत नव्हत्या. बोट त्या खिडकीच्या कडेवर.
"मागच्या बाजूला गोष्ट होती. रसेलनं आधी कापलं,
मग मला वाचायला दिलं.
कॅप्टन पाण्यात पडतो, हातपाय बांधलेले.
मग हे भोक.
मग तो कोरड्या कपड्यांत कॉफी पितोय.
रसेल म्हणायचा, मोठी झालीस की सांगेन.
तुम्ही पुरी प्रत पाहिली असेल. तो सुटला कसा?"

पाहिली होती. सहा वर्षांपूर्वी, आठची.
याच टेबलावर, याच दिव्याखाली.
बावन्न पानं, गंज नाही, घडी नाही,
आणि मीच ती डबीत बंद केली,
अशा डबीत, की उघडली तर आकडा मरतो.

"नाही वाचलं," मी म्हणालो.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी लोकांच्या अंकांकडे पाहतो.

पान उजेडाकडे धरणं हा कामाचाच भाग.
धरलं.
चौकोनातून खिडकी, खिडकीतून सरोवर,
त्यावर नुसता पांढरा पडदा.
"दिसतंय का काही?" ऑडेल क्विम्बींनी विचारलं.