पावती क्रमांक दोनशे चौदा

पाचपावलीच्या अभ्यासिकेचं पावतीपुस्तक
तीन वर्षं माझ्याच पिशवीत.
रकाने चार : नाव, रक्कम, तारीख, सही.
'कशासाठी'ला जागाच नाही.

म्हणून मीच विचारतो, कूलरची वर्गणी मागताना.
नंदनवारांनी पाचशे दिले,
आधी मागचं पान उलटून
मेव्हण्याचा आकडा पाहिला.
हेडाऊ मेडिकलवाल्यांनी दिले,
दुकानात गिऱ्हाईक उभं होतं.
एकानं दार न उघडताच
फटीतून पन्नासची नोट सरकवली;
ती दानात धरायची की दंडात,
अजून ठरलं नाही.

मग गोळीबार चौकातली पोह्यांची गाडी.
कौतिकाबाईंनी तर्रीचा डाव बाजूला ठेवला,
पदराला हात पुसले,
चिल्लर मोजली. एकशे एक.
तुमचं कोणी येतं का तिथं?

"कोणीच नाही, बाप्पा.
पण पहाटे चारले कांदा चिराले उठतो मी,
तं साऱ्या गल्लीत
तेवढी एक खिडकी पिवळी दिसते.
वाटते, कोणाचं तरी पोट्टं जागं हाय.
मंग सुरी नीट चालते."

नाव लिहिलं, रक्कम, तारीख.
शाई वाळेपर्यंत उगाच थांबलो.

कसं सांगू,
परीक्षा संपल्यापासून तिथं रात्री
कोणीच बसत नाही,
दिवा विझवायचा विसरतो
तो मीच.

त्या रात्री कुलूप लावण्याआधी
बटणापर्यंत हात गेला,
आणि तसाच
खिशात परत आला.