दांडी

स्वान्सीच्या समुद्रावरून येणारा वारा
व्यायामशाळेच्या पत्र्याशी भांडत असतो
आणि आत मी लोंबकळत असते दांडीला.
वय एकोणपन्नास. वजन सांगणार नाही.
हनुवटी एकदा दांडीच्या वर न्यायची,
एकदाच,
एवढाच माझा संकल्प.
शाळेत असताना कधी दांडी मारली नाही,
आता दांडीच मला मारते.

कॅरिस म्हणाली, काय खातेस ते लिहून आण.
दुधाच्या हिशेबाला करायचो तशी वही केली, रेघा मारून.
सकाळी: चहा, दोन टोस्ट.
दुपारी: मेतकूट-भात, डब्यातला, गार.
चार वाजता:
(इथे काही लिहिलेलं नाही.
चार वाजता मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे असते
आणि मिसेस प्रॉथरोंच्या रक्तदाबाच्या गोळ्या
दोनदा मोजते, मग तिसऱ्यांदा,
कारण आकडे पोहायला लागतात.)
रात्री: वरण.

वरणात डाळ किती, कॅरिसने विचारलं.
मी म्हटलं, आमच्याकडे वरण करतात,
त्यातली डाळ कुणी शोधत नाही.
ती हसली नाही.

मला वाटलं होतं, हे वय आहे.
मग वाटलं, हे इथलं आभाळ,
डिसेंबरात चारलाच डोळे मिटणारं.
थायरॉईडही तपासून घेतलं, बिचारं निर्दोष निघालं.
बावीस वर्षं लोकांना पाकीट देताना बजावत आले,
जेवणानंतर घ्या,
आणि माझं जेवण म्हणजे
नुसती जेवणाची वेळ.

मग मी पेटलेच.
भात बंद. पोळी बंद.
बादलीएवढा डबा आणला पावडरीचा, व्हॅनिला म्हणे,
चव भिजलेल्या खडूची.
सुरीने चमचा सपाट करून घ्यायचे,
मलमाचं माप घ्यावं तशी.
अंडी सहा, पिवळं काढून.
शेजारच्या एम्लिनने कुंपणावरून विचारलं,
चेहरा उतरलाय, घरी सगळे ठीक ना?
तिसऱ्या आठवड्यात दांडीला हात लावला
आणि दांडी गुल.
गादीवर बसून बोटांकडे पाहत राहिले,
ती थरथरत होती माझी परवानगी न घेता.

कॅरिसचे वडील गवंडी. ती म्हणाली,
विटा तर ढीगभर आणून टाकल्यास,
गवंड्याला जेवायला कोण घालणार?

बसमध्ये घरापर्यंत मी ते वाक्य
मराठीत बसवत होते.
बसलं चटकन. जणू आधीपासून होतंच.

आता वहीत असं आहे:
दोन अंडी, पिवळ्यासकट, अर्धी भाकरी.
दुपारी मटकीची उसळ.
मोड यायला इथे तीन दिवस लागतात,
फडक्यात बांधून रेडिएटरवर ठेवते,
रात्री पाणी प्यायला उठले की
हळूच उघडून बघते, कुणी जागं झालंय का.
रात्री पिठलं, चमचा उभा राहील असं,
आणि भात. हो, भात.
पावडरीच्या बादलीत ज्वारीचं पीठ भरलंय.

जादू वगैरे झाली नाही.
अजून काही दिवशी चार वाजतात ते चिखलातच.
पण परवा चार वाजून गेले, मला न सांगता.
घड्याळ पाहिलं तर पाच.
मिसेस प्रॉथरोंच्या गोळ्या एकदाच मोजल्या,
बरोबर होत्या.
त्यांनी गुडघ्याचं सगळं पुराण सांगितलं,
मी सगळं ऐकलं,
पिशवी दारापर्यंत नेऊन दिली.

दांडी अजून वरच आहे.
हनुवटी नाही पोचली.
नाकाचा शेंडा पोचला, असं कॅरिस म्हणते,
माझे डोळे मिटलेले होते.
वहीत ते मी लिहिलं नाही.
वहीत फक्त: मटकी, एक वाटी,
आणि पुढे, पेन्सिलीने,
उद्यासाठी भिजत घालणे.