फीडरचा गळा

मंगळवारी इचलकरंजीहून दस्तगीर मुल्ला आला,
मोपेडवर दोन पायांच्या मधी
गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन,
झोपलेलं पोर आणावं तसं जपून.
शिरोलीला आमच्या काट्यावर ठेवलं तर
एकेचाळीस किलो.
"नवा होता तवा सत्तेचाळीस होता," तो म्हणाला.

मधले सहा किलो कोळशानं नेले,
पाळीमागून पाळी घासत,
आणि राखेच्या ट्रॉलीतनं कुठं गेले
ते कुणी विचारलं नाही.

बॉयलरवरची नावाची पट्टी गंजलेली.
तीन अक्षरं लागतात, कंपनी बंद पडून जमाना झाला.
स्क्रू फिरेल, कोळसा आपोआप पुढं सरकेल,
माणसाला फावडं मारायला नको,
असं सांगून बसवला होता म्हणे.
"आठ दिवस फावडंच मारतोय,"
दस्तगीरनं तळहात उघडून दाखवले
आणि लगेच मिटले.

पॅटर्न आण्णाप्पा सुतारांचं, सागवानी.
त्यांच्याकडं पट्ट्या दोन:
एक दुकानात मिळते ती,
दुसरी खोटी, तिच्यावरचा फूट
फुटाहून जरासा मोठा, शंभराला एक.
कारण बीड निवताना अंग चोरतं.
पण जे आधीच झिजलंय
त्याचं मूळ माप कुठल्या पट्टीनं काढायचं?
अर्धा दिवस ते गळ्यात अंगठा फिरवत बसले,
आंधळ्यानं तोंड ओळखावं तसं.
मग फ्लँजच्या आड, बोल्टच्या भोकापाशी,
कोळसा कधीच पोचला नव्हता अशी
टिकलीएवढी जागा लागली,
ओतीव कातडी अजून तशीच, खरखरीत.
"हितनं धरू," म्हणाले.

मी कोअर करतो.
(आमच्या कोल्हापुरात बाईसुद्धा करतोच म्हणते.
पुण्याची भावजय हसते. हसू दे.)
गळा म्हणजे काय, भोवतीनं बीड
आणि मधी काही नाही.
ते काही नाही माझ्याकडं असतं.
वाळू, सिलिकेट, पेटीत ठोकून वरनं गॅस,
मग काळा रंग, मग साच्यात निजवायचं.
रस त्याच्या भोवतीनं फिरतो,
निवतो, घट्ट होतो,
आणि मग माझं काम हातोडीनं फोडून बाहेर काढतात.
आत राहिलं तर काम बिघडलं.

गुरुवारचा गळा वाया गेला.
ब्लोहोल, करंगळी जाईल एवढं.
कोअर दमट होता. चूक माझी.
सुपरवायझर बोलायचं ते बोलला, मी गप्प बसलो.
बिडाचं एवढं बरं,
चुकलेलं परत भट्टीत जातं.
दस्तगीरला फोन मीच लावला.
तिकडनं नुसता फावड्याचा आवाज,
मग "बरं," म्हणाला.

शनिवारी तो आला तर मालकांनी विचारलं,
जुना तुकडा भंगारात धरू का, बिलात वजा करतो.
त्यानं गोणपाट धरून ठेवलं थोडा वेळ.
"म्हंजे ह्याचाच नवा?"
तसं नसतं. भट्टीत पाचशे किलो असतं एका वेळी,
ह्याचं थोडं पंपात जाईल, थोडं ट्रॅक्टरच्या हबमधी,
थोडं कुणाच्या तरी गटाराच्या झाकणात.
"मग धरा," म्हणाला.

नवा काट्यावर ठेवला. अठ्ठेचाळीस.
"एक किलो जास्त कसा?"
आण्णाप्पांनी पेन्सिल कानावर सरकवली.
"झिजायला दिलाय."

दस्तगीरनं कोपरापर्यंत हात आत घातला,
सगळीकडनं फिरवला, बाहेर काढला.
फोडांच्या तळव्यावर चिमूटभर काळी वाळू.
"हे राहिलंय बगा."
माझी हाय, मी म्हटलं.
जाईल पहिल्या कोळशाबरोबर.