हे हसू हितलं न्हाई

मिरजेत, सतारीच्या दुकानावर माझी खोली.
खाली लतीफभाई भोपळ्याला कानस लावतात,
वर माझ्या कानांना हेडफोन.
मध्ये फक्त लाकडी तक्तपोशी,
तिच्यातून दुपारभर एकच तार वर येत राहते
जवारी लागेपर्यंत.
तेवढा वेळ मी संवाद कापत नाही.

चार टेराबाइट, दोन डिस्कवर, तिसरी प्रत बहिणीकडे विट्याला.
पूर पाहिलेल्या माणसानं सगळं एका ठिकाणी ठेवू नये.
फोल्डर तारखेनं, मग कॅमेऱ्यानं, मग कार्डानं.
टाळी शोधायची, आवाज चित्राला जुळवायचा.
एकवीस दिवसांत एकदाच मृदुला टाळी विसरली,
तिथं मी शेळीच्या शिंकेवर सिंक लावला.

विषय: हरिपूरची हळदीची पेवं.
माणूस: दादू ऐवळे, वय त्यालाही नक्की माहीत नाही.
पेवाचं तोंड उघडून तो वाट बघतो,
दोरीनं कंदील आत सोडतो.
ज्योत तगली तर माणूस उतरणार.

मीही तसंच केलं.
त्याचा आवाज आधी काळोखात सोडला,
बारा फ्रेम, चोवीस, छत्तीस,
तगतोय का बघत,
मग चित्र.

पुढं मृदुला कॅमेऱ्यामागून विचारते,
पाणी आलं तेव्हा?
आणि दादू गप्प.
अकरा सेकंद. पंचवीसनं गुणा.
दोनशे पंचाहत्तर फ्रेम,
त्यात एक माशी, एक आवंढा,
लांब कुठंतरी मागं येणारा ट्रॅक्टर.

लांबतंय, मृदुला फोनवर म्हणाली, लोक उठतील.
सात ठेवले. मग चार.
चारवर तो विसरल्यासारखा वाटत होता,
दोनवर खोटं बोलणारा.
मग कार्ड नऊमधून एक हसू आणलं,
चहात साखर जास्त पडली तेव्हाचं,
आणि त्या गप्पपणाला जोडलं.
उजेड तोच, सदरा तोच, सांधा दिसेना.
मला माझ्या हाताचा अभिमान वाटला.
हेही लिहून ठेवते.

रविवारी रफ कट बघायला दादू आला,
नातवाच्या गाडीवरनं, वहाणा जिन्यात काढून.
खुर्चीत बसेना. उभ्यानंच बघितलं,
पेवात डोकावतात तसं, मान पुढं घालून.
हसू आलं, आणि म्हणाला,
"थांबीव."

मी स्पेसबार दाबला.

"ह्ये हसू हितलं न्हाई."

मी काहीबाही बोलले: लय, ताण, प्रेक्षक.
शब्द खोलीत उभे राहिले,
त्यांना कुणी बसा म्हणालं नाही.

"हळद कुठल्या पेवातली, वासावर सांगतो मी, बाई.
माझंच हसू मला वळखू नये व्हय?"

मग जिन्यात, पायानं वहाण चाचपडताना,
"कापल्यालं जातंय कुटं?"
कुठं नाही, म्हटलं. आतच असतं. परत काढता येतं.
"मग झाकण नीट लावत जा," म्हणाला,
"वल लागती."

रात्री ते हसू उचलून चहापाशी नेऊन ठेवलं.
अकराच्या अकरा सेकंद उघडले.
रिकाम्या अंगणाचा पाच मिनिटांचा आवाज होता माझ्याकडे,
त्यातला तुकडा ट्रॅक्टरवर पसरून बघितला,
मग काढला. येऊ दे ट्रॅक्टर.
पिवळा रंगही थोडा उतरवला.
पेवातून निघते तेव्हा हळद आधी मातकट असते,
हे मी तीन आठवडे बघत होते
आणि रोज थोडी जास्त उजळत होते.

फाइलचं नाव: हरिपूर_फायनल_४_खरंच.
पट्टी नव्व्याण्णव टक्क्यांवर बराच वेळ अडली.
पाठवली.
मृदुलाचं उत्तर अजून नाही.

खाली शटर वर गेलंय.
पहिली तार वाजली,
जरा बसकीच.