दोन खुणांच्या मध्ये

नारिनला रविवारी, इंजिन थंड असतानाच
बुरुलचा बॉनेट उघडते.
पट्टी ओढायची, पुसायची, परत बुडवायची.
पहिल्या वेळचं खरं धरायचं नाही,
बापानं बजावलं होतं.

पुसायला त्याचाच बनियन, काखेत उसवलेला.

तेल दोन खुणांच्या मध्ये.
कूलंट रेषेला टेकलेलं, हिरवं.
ब्रेक ऑइलच्या डबीवर नुसती धूळ.

कुंपणावरून म्हातारा तेमिरकुल विचारतो,
"किती उतरलं?"
"तिळभरही नाही."
"मग झकास की!"

गाडी हलली तर उतरेल ना, आजोबा.
बाप तिकडे काझानला
दुसऱ्यांच्या गाड्या धुतो.

वहीत तारीख. पुढे: तेच.

आज मात्र ती चावी फिरवून बघते.
इंजिन खाकरतं,
दाराबाहेर बूट काढताना
तो खाकरायचा तसं,
आणि गप्प होतं.