डावा कान

पहाटे साडेतीनला थ्री-फेज येते.
त्याआधी दारामागच्या खिळ्यापुढं उभं राहायचं
आणि आज डोक्याला काय, ते ठरवायचं.

खिळा एकच, त्यावर सगळं:
ह्यांची तपकिरी माकडटोपी,
सुयोगनं पुण्याहून धाडलेली, कपाळावर दिवा असलेली टोपी,
माझा मफलर,
आणि पाचगणीच्या शाळेत मी कपडे धुवायला होते तेव्हाची,
कुणी न्यायलाच न आलेली गुलाबी, गोंड्याची.
आत पट्टीवर नाव शिवलंय:
आ. मिस्त्री, इयत्ता चौथी.

बाहेर खिंगरचा अंधार.
स्ट्रॉबेरीच्या पानांवर दहिवर गोठायला लागलंय.
उन्हाआधी पाणी मारलं तर पान वाचतं,
नाहीतर दुपारपर्यंत काळं.
थंडीनं भाजलं म्हणतो आम्ही.
नवा माणूस हसतो,
एक हिवाळा राहिला की हसत नाही.

उबेला माकडटोपीसारखी दुसरी नाही.
हे वाशीला, मार्केटात. तिकडं लागत नाही म्हणून
इथंच ठेवून गेले,
तंबाखूच्या वासासकट.
तीनदा धुतली. वास आहे तो आहे.
पण तोंडाशी वाफ साचते, लोकर हनुवटीला चिकटते
आणि दोन्ही कान आत जातात.
मागच्या पौषात हीच घालून गेले होते.
गवा बांधाला उभा, दहा पावलांवर, फुसफुसत,
आणि मला ऐकू येत होती फक्त माझी छाती.
वरच्या घरातून हौसाबाई बोंबलत होती म्हणे,
मला वाटलं लांब कुठं कोंबडा आरवतोय.
तो आपणहून वळला.
त्याची मर्जी.

दिव्याच्या टोपीला चार्जिंग लागतं.
गारठ्यात तिचंच अंग आखडतं,
मोटरीपाशी पोचेतो डोळा मिटते.
आणि चालू असली तरी काय,
बघावं तिथं तेवढा उजेड,
शेजारी उभं असेल ते आणखी काळं.
सुयोगला फोनवर सांगितलंय, छान आहे.

मफलर वाकलं की सुटतो.
सुटला की टोक चिखलात,
आणि ते ओलं टोक परत मानेला लागलं की
आई गं!

राहिली गुलाबी.
माझ्या अंबाड्यावर ती बसते
चिमणीचं घरटं ठेवल्यासारखी.
कान तर सोडाच, कपाळसुद्धा झाकत नाही.
मिस्त्रीबाई, आता तू कॉलेजात असशील,
का लग्न होऊन कुठल्या बर्फाच्या देशात?
तुला दुसरी टोपी घेतली होती ना कुणी?

तर माझं ठरतं ते असं.
गुलाबी आत, अंबाड्याला.
तिच्यावरून मफलर, उजव्या कानाला दोन वेढे,
गाठ मानेमागं,
वरून पदर, खोचलेला.
डावा कान उघडा.

कारण जाताना ओढ्याचं रान डाव्या हाताला.
येताना ते उजवीकडं जातं,
पण येताना उजाडलेलं असतं.

त्या कानाला सगळं कळतं.
चपलेखाली गवत काचेसारखं मोडतं ते,
पाइपाच्या सांध्यातली सुस्कारी,
पसरणी घाटात दूधगाडीनं गिअर बदलला ते,
आणि रानात काही नसलं
तर ते नसणंही.
पुढं तो लाल होतो, मग मुका,
मग माझा राहत नाही.

हौसाबाई म्हणाली, एवढं गुंडाळून
एकच कान कसा गं उघडा राहिला?
म्हटलं, तो कामावर असतो.

सातला चुलीपाशी बसते.
गेलेला कान परत येताना
आधी मुंग्या, मग सुया, मग निखारा.
तेवढ्यात ह्यांचा फोन.
मफलर सोडून उजव्या कानाला लावते,
डाव्याला अजून आवाज सोसत नाही.
थंडी आहे का गं तिकडं?
आहे, थोडी.