दोन मिलिमीटर

बस, सेनाइत. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे,
भिंतीला टेकलीस तर पाडणार नाही.
आण ते खोकं.
भावानं पाठवलंय म्हणतेस, गोथेनबर्गहून,
कुणाच्या तरी मावशीच्या बॅगेत,
लोकरी मोज्यात गुंडाळून.

थांब, हात पुसू दे आधी.

वा.
अकरा चकत्या, एकीला चिकटून एक,
दात असे की तेल लावायची लाज वाटावी.
अख्ख्या अस्मारात असल्या चार असतील.

तुझ्या सायकलला नऊ लागतात, पोरी.

बसवून पाहिली, तुझ्यासमोरच.
शेवटची कडी दोन मिलिमीटर बाहेर राहते,
आट्यांना धरायला काही उरत नाही.
दोन मिलिमीटर, मसुराचा एक दाणा.
कानशीनं घासता येईल? येईल.
पण तुझा खटका वाजतो नऊच वेळा,
वरचे दोन कुठून आणू?
चढावर उभी राहून जोर लावशील
आणि साखळी उडी मारेल.
गुडघा तुझा फुटेल, चकतीला काय.

याच पायरीवर बसून
त्या नऊ चकत्या रॉकेलनं धुवायचा तो,
जुना टूथब्रश घेऊन, मोठ्यानं मोजत.
तिकडे आता अकराच दिसत असतील रोज.
बारासुद्धा.

असो.
रेसवाल्या झेकारियासला हवीच आहे ही.
बदल्यात नऊची साखळी देईल,
ब्रेकचे दोन जोड, नवे, आणि एक टायर.
मी बोलतो त्याच्याशी. तू गप्प उभी राहा,
तुला घासाघीस येत नाही.

परवा मस्सावाला उतरणार ना?
इथे आपण ढगात, तिथे समुद्र,
मधे नुसता उतार,
वळणावळणावर धुक्यात बसलेली माकडं,
दगड समजून जवळ जाशील.
तो रस्ता गियर विचारत नाही, ब्रेक विचारतो.
हे तुझे रबर बघ : रिमचेच कण रुतलेत यात,
तेच आता रिम खातायत.
नव्यांतही रुततील. दर रविवारी काढायचे,
गोणी शिवायच्या सुईनं.

चाकाचा आउट काढलाय.
पुढच्या चाकाच्या तारा छेडून बघ,
सगळ्यांचा सूर एक लागला पाहिजे.
डावीकडची एक जरा बसकी बोलते.
तिच्या नादी लागू नकोस, अजून ताणली तर तुटेल.

साखळीला तेल, मग फडकं.
लोक फडकं विसरतात.
तेल आत हवं, बाहेरचं फक्त धूळ बोलावतं.

आणि केरेनकडच्या कच्च्या वाटांना जाशील तेव्हा
झेकारियासचा तो जाड टायर मागे घाल.
फाट्यात करंगळी जाईल एवढी फट राहू दे, चिखलाला.
हवा कमी. किती ते अंगठा सांगेल :
पिकत आलेला पेरू दाबून पाहतेस, तेवढी.

आता उभी राहा. बस सीटवर. टाच पेडलवर.
बघ, कंबर डोलते.
सीट दोन बोटं वर आहे तुला.
दांड्यावरची ही रेघ त्यानं मारलेली, खिळ्यानं,
आणि दोन वर्षं तू तिच्याखाली सरकली नाहीस.
म्हणून ती गुडघ्यामागची शीर दुखते.
मला म्हणालीस, बूट चावतात.

खाली घेतोय.
पुसत नाही गं, काही पुसत नाही.
रेघ नळीच्या आत जाईल.
दिसणार नाही एवढंच.

हं. फिरव आता पाय.

पैसे आल्यावर दे. आणि बाजारात सांगत फिरू नकोस
की ओक्बाझगी उधारीवर करतो.

त्याला काय लिहायचं?
लिही, पोचलं.
लिही, उतारावर फार कामाला आलं.
खोटं कुठे आहे त्यात?

मोजे राहू देत तुझ्याकडेच.
पहाटे निघशील, वर थंडी असते.